इष्टापूर्त, उत्सर्ग आणि सिद्धरामाचें तळें

सोन्नलिगेच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामास ‘कर्मयोगी’ हें विशेषण लावण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय व त्यास आधार कोणता, हें विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. बाराव्या शतकांतील या शिवयोग्यानें तळें खोदविलें, देऊळ उभारिलें, परंपरेप्रमाणें क्षेत्राभोंवतीं अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. म्हणून तो कर्मयोगी, असा सरळ हिशेब मांडला जातो. या लेखाचा हेतु सिद्धरामाची थोरवी कमी करण्याचा नाहीं. ज्याच्या तळ्याचें पाणी आठ शतकें एका नगराच्या मध्यभागीं टिकून आहे, त्यास आमच्या प्रशस्तिपत्राची जरूर नाहीं. परंतु ‘कर्म’ हा शब्द आपल्या शास्त्रांत एकाच अर्थानें वापरलेला नाहीं. आणि ज्या ग्रंथांवरून हें विशेषण आलें असें सांगतात, ते ग्रंथही एका काळचे व एका मताचे नाहींत. तेव्हां शब्द व ग्रंथ या दोहोंचा जरा बारकाईनें विचार करावा, एवढाच उद्देश.

१. कथा आणि तिच्या वाचनाच्या दोन रीती

वादाचें मूळ ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथांतील एका प्रसंगांत आहे. सिद्धराम तळ्याचें काम चालवीत असतां अल्लमप्रभु सोन्नलिगेस येतो. ‘तो ओड्डराम कोठें आहे?’ अशा आशयाची उपहासात्मक पृच्छा तो करितो. ओड्ड म्हणजे आपण ज्यांस वडार म्हणतों ते माती-दगडाचें काम करणारे लोक. गुरूचा हा अधिक्षेप ऐकून कामावरचे लोक खवळतात व प्रभूवर दगडांचा वर्षाव करितात. त्या दगडांची रास होते, प्रभूस मात्र इजा होत नाहीं. वार्ता ऐकून सिद्धराम क्रोधानें येतो, त्याचा कोपाग्निही प्रभूपुढें निष्फळ ठरतो, आणि मग दोघांचा संवाद होऊन सिद्धरामास बोध होतो. पुढें दोघेही कल्याणास जातात. चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’ या पंधराव्या शतकांतील काव्यांतही हाच प्रसंग आहे.

या कथेचें वाचन दोन रीतींनीं होत आलें आहे. पहिली रीत जुन्या वेदान्त्यांची. तिच्याप्रमाणें हा ज्ञानानें कर्माचा केलेला पराभव होय. तळें, देऊळ, अन्नछत्र हीं सर्व चित्तशुद्धीचीं साधनें. ज्ञान झालें कीं तीं सुटलींच पाहिजेत. दुसरी रीत अर्वाचीन. लोकमान्य टिळकांचें ‘गीतारहस्य’ इ. स. १९१५ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून मराठी वाचकाच्या मनांत कर्मयोग या शब्दास एक ठाशीव अर्थ आला: ज्ञानोत्तरही लोकसंग्रहार्थ, फलाशा सोडून केलेलें कर्म. हा अर्थ मनांत धरून सिद्धरामाकडे पाहणारास अल्लमाची टीका गैरसोयीची वाटते. म्हणून ती कथा सांप्रदायिक अभिनिवेशानें मागाहून घुसडली असें म्हणून तो मोकळा होतो.

आमच्या मतें या दोन्ही रीतींत ग्रंथापेक्षां वाचकाचा पूर्वग्रह अधिक बोलतो. पहिली रीत अल्लमाच्या तोंडीं शांकरमत घालते. दुसरी सिद्धरामाच्या हातीं गीतारहस्य देते. दोघांसही ग्रंथ काय म्हणतो हें पुढें पाहावयाचें आहे, हें लक्षांत राहत नाहीं.

२. ग्रंथांचे थर

साधनांचा अनुक्रम लावल्याशिवाय टीका करणें व्यर्थ होय. सिद्धरामाचीं स्वतःचीं म्हणून मानलीं जाणारीं वचनें हा पहिला थर. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अथवा ‘कपिलसिद्ध मल्लिनाथ’ ही त्यांची अंकित, म्हणजे नाममुद्रा. फ. गु. हळकट्टी यांनीं ‘वचनशास्त्रसार’ १९२३ मध्यें छापून या वाङ्मयाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु वचनांच्या पोथ्या मूळ वचनकारांच्या नंतर बऱ्याच काळानें लिहिलेल्या, आणि संकलनकर्त्यांच्या हातांतून गेलेल्या आहेत, हें विसरतां कामा नये.

दुसरा थर राघवांकाच्या ‘सिद्धरामचारित्र’ या षट्पदी काव्याचा. राघवांक हा हरिहराचा भाचा व शिष्य. काळ सुमारें तेराव्या शतकाचा. या काव्याचें हृदय श्रीशैलांत आहे. गुरें राखणाऱ्या भोळ्या मुलास मल्लय्या जंगमरूपानें भेटतो. मुलगा त्याच्यासाठीं घरून अन्न आणावयास जातो, परत येतो तों जंगम नाहींसा झालेला असतो. त्याचा शोध घेत मुलगा श्रीशैलापर्यंत पोंचतो आणि कड्यावरून उडी टाकावयास निघतो, तेव्हां मल्लिकार्जुन त्यास सांवरतो व परत सोन्नलिगेस पाठवितो. तेथें दुसरें श्रीशैल वसविणें हेंच त्याचें नेमलेलें कार्य. म्हणजे या थरांत तळें व देऊळ हीं फलाशेनें आरंभिलेलीं कृत्यें नाहींत, आणि लोकोपयोगाचा हिशेब करून योजिलेलींही नाहींत. तीं भक्ताला मिळालेल्या आज्ञेचें पालन आहेत. कर्मयोग हा शब्द येथें लावावयाचाच तर त्याच्या आधीं भक्ति हा शब्द लिहावा लागेल.

तिसरा थर शून्यसंपादनेचा. आणि हा थर स्वतःच चार पदरी आहे. पंधराव्या शतकांत शिवगणप्रसादी महादेवय्यानें पहिलें संकलन केलें. पुढें हलगेयदेव, गुम्मळापूरचा सिद्धलिंग व गूळूरचा सिद्धवीरण्ण यांनीं त्याचीं संस्करणें केलीं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानें १९६५ ते १९७२ या काळांत जें पांच खंडांचें इंग्रजी भाषांतर काढलें, तें यांपैकीं शेवटच्या संस्करणाचें. आतां येथें एक मार्मिक गोष्ट आहे. सिद्धरामास इष्टलिंगाची विधिपूर्वक दीक्षा मिळाली कीं नाहीं, या एका प्रश्नावर संस्करणकारांत मतभेद होता. पहिल्या संकलनाचा कल असा कीं, ज्यास आंतूनच बोध झाला त्यास बाहेरच्या दीक्षेचें प्रयोजन नाहीं. नंतरच्या संस्करणकारांस हें रुचलें नाहीं, आणि चन्नबसवण्णाकडून दीक्षा झाल्याचा भाग ग्रंथांत आला.

या एका फरकावरून काय निष्पन्न होतें? संप्रदायाच्या अभिनिवेशानें ग्रंथांत भर पडली हें खरें. परंतु ती भर दीक्षेच्या बाजूनें पडली. अल्लमाची टीका मात्र पहिल्या संकलनाच्या गाभ्यांत आहे. तेव्हां टीकेचा प्रसंग ‘प्रक्षिप्त’ म्हणून उडवून लावणाऱ्या अर्वाचीनांचा मार्ग बंद होतो. ऐतिहासिक घटना म्हणून तो प्रसंग घडला असें आम्ही म्हणत नाहीं; पण विचार म्हणून त्यास उत्तर द्यावेंच लागेल.

३. टीका कोणत्या कर्मावर आहे?

येथें संस्कृत शास्त्राचा उपयोग होतो. सामान्यतः आपण कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य व निषिद्ध असे भेद करितों. परंतु तळें खोदणें हें ज्या वर्गांत पडतें, त्याचें नांव निराळें आहे: पूर्त. यज्ञयाग, अग्निहोत्र इत्यादि श्रौत कर्में तीं इष्ट. आणि विहिरी, बारवा, तलाव, देवालयें, अन्नदान, बागा हीं पूर्त. दोन्ही मिळून इष्टापूर्त. इष्ट हें त्रैवर्णिकांपुरतें राखून ठेविलें असलें, तरी पूर्ताचा अधिकार शूद्रासही आहे असें अत्रिस्मृतींत सांगितलें आहे. इष्टानें स्वर्ग तर पूर्तानें मोक्ष, इथपर्यंत कांहीं स्मृति-पुराणांची मजल गेली आहे.

आणि याच इष्टापूर्तावर सर्वांत कठोर टीका कोणी केली? अल्लमानें नव्हे, मुंडकोपनिषदानें. इष्टापूर्त हेंच सर्वश्रेष्ठ, याहून दुसरें श्रेय नाहीं, असें मानणारांस तें उपनिषद् मूढ म्हणतें. पुण्य भोगून झालें कीं ते परत याच किंवा याहून हीन लोकीं येतात असें बजावतें. आचार्यांनीं त्या ठिकाणीं भाष्य करितांना पूर्त शब्दाखालीं वापी, कूप, तडाग यांचाच उल्लेख केला आहे. छांदोग्यांतही इष्टापूर्त करणारांस धूममार्गानें, म्हणजे पुनरावृत्तीच्या वाटेनें, नेलें आहे. म्हणजे तळें बांधणाऱ्या पुण्यवंतास ‘एवढ्यावर थांबूं नकोस’ असें सांगण्याची परंपरा अल्लमाच्या निदान दीड हजार वर्षें आधींची आहे.

परंतु मुंडकाचा शब्द नीट पाहिला म्हणजे निषेध कर्माचा नसून ‘हेंच श्रेष्ठ’ या मानण्याचा आहे, हें दिसून येतें. अल्लमाच्या टीकेचाही रोख हाच. तसें नसतें, तर ज्या शरणमंडळांत कायक, म्हणजे प्रत्येकानें स्वतःच्या श्रमानें जगावें व त्यांतून जंगमांची सेवा करावी, हा आचाराचा मुख्य स्तंभ होता, त्या मंडळाच्या अग्रस्थानीं बसणारा प्रभु श्रमाची निंदा कशी करील? आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेंचून निर्वाह करी. गरजेहून अधिक तांदूळ आणल्यावर त्याची पत्नी लक्कम्मा हिनें त्यास बोल लाविला, ही कथा त्याच परंपरेची. तेथें श्रमास दोष नाहीं; संचयास दोष आहे. तसाच येथें तळ्यास दोष नाहीं. ‘मीं तळें केलें’ या संचयास आहे. धनाचा संचय तसा पुण्याचाही संचय, आणि दुसरा सोडण्यास पहिल्याहून अवघड.

म्हणून ज्ञानानें कर्मास जिंकलें हें जुनें वाचन, आणि कर्मयोग्यावर ज्ञान्यानें अन्याय केला हें नवें वाचन, दोन्ही सोडावीं असें आमचें मत आहे. प्रसंगाचा विषय कर्म कीं ज्ञान हा नसून, केलेलें कर्म कर्त्याच्या हातून सुटतें केव्हां, हा आहे.

४. सुटण्याचा विधि

याच प्रश्नाचें उत्तर धर्मशास्त्रानें अगदीं व्यवहाराच्या भाषेंत देऊन ठेविलें आहे, आणि त्याकडे या वादांत कोणी पाहिलेलें नाहीं, याचें आश्चर्य वाटतें. तें उत्तर म्हणजे जलाशयोत्सर्ग.

मूळचे पैठणचे व काशींत स्थायिक झालेले जें भट्ट घराणें, त्यांतील नीलकंठ भट्टांच्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाच्या बारा मयूखांपैकीं एक उत्सर्गमयूख आहे. त्यांचे चुलतबंधु, निर्णयसिंधुकार कमलाकर भट्ट, यांचा पूर्तकमलाकर आहे. बंगालच्या रघुनंदनाचें जलाशयोत्सर्गतत्त्व आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालच्या दुसऱ्या खंडांत या सर्वांचा परामर्श घेतला आहे. सारांश असा. मीमांसकांच्या मतें देवतेस उद्देशून द्रव्याचा त्याग तो याग. दुसऱ्याचें स्वामित्व उत्पन्न होईपर्यंत केलेला त्याग तें दान. उत्सर्ग या दोहोंहून भिन्न. येथें कर्ता आपलें स्वामित्व सोडतो, परंतु कोणा एकास देत नाहीं. सर्व भूतमात्रासाठीं तें पाणी तो मोकळें करितो. दान दिलेल्या गाईचें दूध दात्यानें पिऊं नये; पण उत्सर्ग केलेल्या तळ्याचें पाणी कर्त्यानें प्यावें कीं नाहीं? बहुतेकांचा निर्णय असा कीं, प्यावें, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकीं एक म्हणून.

या निर्णयांतील सूक्ष्मता वाचकांनीं लक्षांत घ्यावी. गीतेंत फलत्याग म्हणून जें सांगितलें, तें मनांत घडतें कीं नाहीं हें कोणास दिसणार? उत्सर्गांत तें काठावर दिसतें. ज्यानें खर्च केला, तो आपला घडा घेऊन इतरांच्या रांगेंत उभा राहिला, तर त्याग झाला. तो जर काठावर उभा राहून ‘तूं ये, तूं येऊं नको’ असें म्हणूं लागला, तर मंत्र कितीही शुद्ध म्हटले असोत, उत्सर्ग झालाच नाहीं. पूर्त अपुरें राहिलें. कर्मयोगाची याहून निर्विवाद कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं. अल्लमानें सिद्धरामास जें विचारलें त्याचा शास्त्रीय अनुवाद ‘तुझ्या तळ्याचा उत्सर्ग तुझ्या मनांत झाला आहे काय?’ असा करितां येईल.

५. वळसंगची विहीर

येथें कोणी म्हणेल कीं, हा सर्व पोथीचा विचार झाला. काठावर प्रत्यक्ष काय घडत होतें? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या वाटेवर, दक्षिण सोलापूर तालुक्यांत, मराठी व कानडी दोन्ही भाषा ज्याच्या घरोघरीं नांदतात असें वळसंग हें गांव आहे. तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनीं स्वतःच्या श्रमानें आपली विहीर खोदली, आणि १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं वळसंगास येऊन त्या विहिरीचें पाणी काढून तिचा आरंभ केला. गांवानें त्या दिवसाची आठवण जपून ठेविली आहे.

त्या वर्षाचा संदर्भ ध्यानांत घेण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ मध्यें संमत केला होता. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर व त्यांचे सहकारी प्याले. त्यावरून चाललेल्या दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला. अस्पृश्यांस पाण्यावर येऊं न देण्याची वहिवाट अनादि आहे हें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. न्यायासनापुढें जो मुद्दा वहिवाटीच्या रूपानें आला, तोच धर्मशास्त्रांत उत्सर्गाच्या रूपानें शतकानुशतकें लिहिलेला होता. उत्सर्गमयूखाच्या पोथ्या ज्या घरांत रुमालांत बांधलेल्या होत्या, त्यांच्याच गांवांतील विहिरींवर सर्व भूतमात्रांत माणसांचा एक मोठा समूह मोजला जात नव्हता. पशूंस पाणी पिण्यास मनाई नव्हती, माणसास होती. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास हें वाक्य लिहितांना सुख होत नाहीं. पण तें लिहिलें पाहिजे.

आतां टीकाकारापुढें एक मोह उभा राहतो. वळसंगची विहीर ही खरें पूर्त, तिच्या खोदणारांनींच खरा कर्मयोग आचरिला, असें म्हणून ती विहीर शास्त्राच्या पदरांत घालावी. या मोहास आम्ही बळी पडूं इच्छीत नाहीं. ज्यांच्या हस्तें त्या विहिरीचा आरंभ झाला, त्यांच्या साक्षीनें महाड येथें २५ डिसेंबर १९२७ रोजीं मनुस्मृतीचें दहन झालें होतें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं बौद्ध धर्म स्वीकारला. पुण्यासाठीं, स्वर्गासाठीं वा मोक्षासाठीं ती विहीर खोदली गेली नाहीं. ती पाण्यासाठीं आणि माणूसपणाच्या हक्कासाठीं खोदली गेली. तिला पूर्ताचें प्रमाणपत्र देणें म्हणजे ज्या परीक्षेंत आपण नापास झालों, त्या परीक्षेचे आपणच परीक्षक होणें होय.

न्याय्य गोष्ट उलटी आहे: त्या विहिरीवरून शास्त्राच्या आचरणाची परीक्षा करावी. सिद्धरामाच्या कथेंत तळें खोदणारे लोक येतात, परंतु ते दगड फेंकण्यापुरते. त्यांचीं नांवें नाहींत. त्यांच्या जातीचें नांव येतें तें शिवी म्हणून. पूर्ताच्या सर्व वाङ्मयांत हीच वाण आहे. खर्च करणाराचा संकल्प लिहिला जातो, कुदळ मारणाराचा लिहिला जात नाहीं. वळसंगास खोदणारा, उत्सर्ग करणारा व पाणी पिणारा हे तिघेही एकच. विहीर एका समाजाची, म्हणून ती ‘सर्वांची’ नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण निराळी विहीर खोदण्याची पाळी ज्यांनीं आणली, वेगळेपणाचा दोष त्यांच्या पदरीं पडतो, खोदणारांच्या नव्हे.

एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून होणारी मनाई दूर केली आहे. आणि तेथें सरकारी खर्चाच्या जोडीनें सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठीं समर्पित केलेल्या जलाशयांचाही स्पष्ट उल्लेख आहे. हें समर्पण म्हणजेच उत्सर्ग. शास्त्रानें जें संकल्पांत ठेविलें तें घटनेनें आज्ञेंत आणिलें.

६. संग्राहकांस विनंति

या विवेचनावरून पोथ्यांच्या संग्राहकांपुढें तीन कामें ठेवावींशीं वाटतात. पहिलें, सोलापूर, अक्कलकोट व मंगळवेढें या टापूंतील मठांत व घरांत शून्यसंपादनेची वा प्रभुलिंगलीलेची पोथी आढळल्यास केवळ नांव व पत्रसंख्या नोंदवूं नये. सिद्धरामाचा दीक्षाप्रसंग तींत आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. त्या एका खुणेवरून पोथी कोणत्या संस्करणाची, हें ठरविण्यास मदत होईल. दुसरें, जलाशयोत्सर्गाच्या पद्धतीच्या सुट्या पानांस सामान्य कर्मकांड समजून बाजूस टाकूं नये. शेवटीं लेखकाचें, यजमानाचें, गांवाचें व शकाचें नांव असल्यास कोणत्या विहिरीचा वा तळ्याचा उत्सर्ग कधीं झाला, याचा तो अव्वल पुरावा ठरतो. आणि बारवेच्या भिंतीवरील शिलालेखाशीं तो ताडून पाहतां येतो.

तिसरें काम अधिक निकडीचें आहे. ज्यांनीं विहिरी खोदल्या पण ज्यांच्या घरीं पोथ्या नव्हत्या, त्यांच्या स्मृति वृद्धांच्या तोंडीं आहेत, आणि पोथीस वाळवी लागते त्याहून लवकर त्या नष्ट होतात. वळसंगसारख्या गांवीं जाऊन त्या शब्दशः लिहून घ्याव्यात, सांगणाराचें वय, नातें व ऐकीव कीं पाहिलेलें याची नोंद करावी, आणि इतर कागदपत्रांइतक्याच काळजीनें दप्तरांत ठेवाव्यात. सिद्धरामाच्या तळ्यावर कुदळ मारणारांचीं नांवें आपणांस आतां कधींच कळणार नाहींत. वळसंगच्या विहिरीची तशी गत होऊं देणें न देणें अजून आपल्या हातीं आहे.